मेणाचे डाग, मालकांचे शिक्के

लिस्बनच्या राजवाड्याला लागून, तेजो नदीच्या काठी बांधलेलं नवं ऑपेरागृह ३१ मार्च १७५५ रोजी उघडलं. निमित्त राणीच्या वाढदिवसाचं. राजा जोझे पहिला याला ऑपेराचा एवढा नाद, की बांधकामासाठी त्याने जिओव्हानी कार्लो बिब्बिएना याला इटलीहून बोलावून घेतलं होतं. नाट्यगृहं आणि देखावे उभे करण्यात बिब्बिएना घराण्याच्या पिढ्या गेल्या होत्या. पहिल्या रात्रीचा खेळ होता ‘आलेस्सांद्रो नेल इंदिए’. झेलमच्या काठी अलेक्झांडरशी लढलेला आपला पोरस त्यात ‘पोरो’ होऊन गातो. शब्द कवी मेतास्तासिओचे, संगीत दाव्हिद पेरेझचं. सात महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, लिस्बनचा तो कुप्रसिद्ध भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली, आग लागली आणि नाट्यगृह देखाव्यांसकट नाहीसं झालं. त्या रात्रीचा मंच कसा दिसत होता याची कल्पना आज येते ती त्या खेळासाठी छापलेल्या पुस्तिकेमुळे. तिच्यात बिब्बिएनाच्या देखाव्यांची कोरीव चित्रं घातलेली होती.

अशा पुस्तिकेला लिब्रेटो म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटकाच्या थिएटरात पदांची पुस्तिका, म्हणजे पद्यावली, विकत मिळायची. तिची ही वडीलधारी बहीण समजा. पद्यावलीत फक्त पदं असत. ऑपेरात बोलणंसुद्धा गाऊनच, त्यामुळे लिब्रेटोत अख्खं नाटक छापलेलं असतं. खेळाआधी विकत घ्यायची, खेळ चालू असताना वाचायची आणि मग विसरून जायची, एवढंच तिचं आयुष्य धरलेलं होतं. तरी युरोप-अमेरिकेतल्या ग्रंथालयांत आज या पुस्तिका हजारोंनी आहेत. त्या तिथवर कोणाच्या हातातून आल्या, ही कथा मला पुष्कळदा त्यांतल्या नाटकांपेक्षा रंगतदार वाटते. कारण सतराव्या-अठराव्या शतकांतली बरीचशी नाटकं, खरं सांगायचं तर, एकाच साच्यातली आहेत: दोन राजे, दोन राजकन्या, एक कपटी सेनापती आणि शेवटी सर्वांना क्षमा.

सुरुवात फ्लॉरेन्सची. ‘दाफ्ने’ हा बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिला ऑपेरा. तो १५९८ च्या सुमारास झाला. त्याचं संगीत थोडे तुकडे सोडले तर हरवलं. ओत्ताव्हिओ रिनुच्चिनीचे शब्द छापले गेले म्हणून राहिले. त्याच रिनुच्चिनीचा ‘एउरिदीचे’ ऑक्टोबर १६०० मध्ये, मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा चौथा हेन्री यांच्या लग्नसोहळ्यात झाला आणि त्याचीही संहिता त्याच वर्षी निघाली. मोंतेव्हेर्दीच्या १६०८ मधल्या ‘आरिआन्ना’तला केवळ विलाप आज गाता येतो. बाकीचं संगीत गेलं, शब्द मात्र सगळे आहेत. पुढची दोनशे वर्षं असंच चालत राहिलं. संगीताची बाडं नकलनवीस हाताने उतरवून द्यायचे, ती छापणं सहसा परवडायचं नाही. शब्द छापणं स्वस्त होतं आणि प्रेक्षकाला ते हवेच असायचे.

१६०७ चं मान्तुआ शहर बघा. मोंतेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’ २४ फेब्रुवारीला होणार, आणि आदल्या दिवशी राजपुत्र फ्रान्चेस्को गोंझागा भावाला कळवतो, की मी संहिता छापून घेतली आहे, म्हणजे गाणं चालू असताना प्रत्येकाच्या हातात ती असेल. ही पुस्तिका आणि १६०९ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेलं संगीत शेजारी ठेवलं की शेवट जुळत नाही. पुस्तिकेत ऑर्फिअसच्या अंगावर बेभान बॅकसभक्त स्त्रिया धावून येतात. संगीतात अपोलो उतरतो आणि त्याला स्वर्गात घेऊन जातो. शेवट कधी बदलला, का बदलला, जागा अपुरी होती म्हणून की राजघराण्याला रुचला नाही म्हणून, यावर विद्वान अजून भांडतात. ती अतिसाधी पुस्तिका कोणी जपली नसती तर भांडायलाही काही उरलं नसतं.

दरबारातून हा खेळ बाजारात आला तो व्हेनिसमध्ये. १६३७ साली सान कासिआनो नाट्यगृहात ‘आंद्रोमेदा’ झाला आणि तिकीट काढणाऱ्या कोणालाही ऑपेरा पाहता येऊ लागला. व्हेनिसचे लिब्रेटो लहान, खिशात मावणारे, हलक्या कागदावरचे. विक्रीचे पैसे आणि अर्पणपत्रिकेबद्दल एखाद्या सरदाराने दिलेलं बक्षीस, ही कवीची कमाई. क्रिस्तोफोरो इव्हानोविच याने १६८१ मध्ये या नाट्यगृहांची हकिकत लिहिताना हा व्यवहार नोंदवून ठेवला आहे. प्रेक्षक पुस्तिकेबरोबर एक बारीकशी मेणबत्तीही घ्यायचे आणि तिच्या उजेडात ओळी वाचायचे. मेण ठिबकायचं. म्हणून जुन्या प्रतींच्या पानांवर अर्धपारदर्शक ठिपके आढळतात. असा ठिपका असेल तर ती प्रत बहुधा नाट्यगृहात बसलेली आहे, नुसती कपाटात नाही. मला असली डागाळलेली प्रत कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा शंभरपट मोलाची वाटते.

या पुस्तिका वाचायलाही एक सराव लागतो. शीर्षकपानावर नाटकाचं नाव, नाट्यगृह, वर्ष आणि अर्पण कोणाला, हे ठळक असतं. कवीचं नाव असेलच असं नाही, आणि सतराव्या शतकात संगीतकाराचं नाव तर बऱ्याचदा नसतंच. त्यानंतर अर्पणपत्रिका, कथासार, पात्रांची यादी, देखाव्यांची यादी. गायकांची नावं छापायची रीत हळूहळू, शतकाच्या अखेरीकडे रुळली. मध्येच एक गमतीदार निवेदन येतं: दैव, देवता, आराधना असे शब्द इथे आले आहेत ते कवीच्या लेखणीचे खेळ आहेत, लेखक मनाने पक्का कॅथलिक आहे. धर्मखात्याचा परवाना मिळवायचा तर हे लिहावंच लागे. काही ओळींच्या कडेला अवतरणचिन्हांची रांग दिसते. त्या ओळी छापल्या, पण गायल्या नाहीत. खेळ लांबतो म्हणून गाळल्या. कवीचा मान राखला आणि प्रेक्षकांची झोपही.

सालाची भानगड वेगळीच. व्हेनिसचं वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं. ऑपेराचा हंगाम म्हणजे कार्निव्हल, नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून उपासाच्या आदल्या मंगळवारपर्यंत. म्हणजे जानेवारीत झालेल्या खेळाच्या पुस्तिकेवर आपल्या हिशेबाने मागच्या वर्षाचा आकडा असू शकतो. पण सगळेच छापखाने स्थानिक पद्धत पाळत नसत. त्यामुळे एकच खेळ दोन सालांत नोंदलेला किंवा दोन खेळ एक समजून बसलेले, असे घोळ जुन्या याद्यांत भरपूर आहेत. जिओव्हानी कार्लो बोनलिनीने १७३० मध्ये आणि आंतोनिओ ग्रोप्पोने १७४५ मध्ये व्हेनिसच्या ऑपेरांच्या याद्या छापल्या, तेव्हाच या पुस्तिका गोळा करणाऱ्यांची जमात तयार झाली होती.

त्या जमातीचा म्होरक्या आपोस्तोलो झेनो. स्वतः लिब्रेटो लिहिणारा. व्हिएन्नाच्या दरबाराचा कवी. हे पद पुढे मेतास्तासिओकडे गेलं. १७५० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षी, त्याने आपली ग्रंथसंपदा व्हेनिसमधल्या झात्तेरेच्या डोमिनिकन साधूंना दिली. पुढे मठ बंद पडला आणि पुस्तकं मार्चियाना ग्रंथालयात आली. व्हेनिसच्याच मार्को कोर्निआनी देल्यी आल्गारोत्ती याचा नाट्यसंग्रह आज मिलानच्या ब्रेरा इथल्या ग्रंथालयात आहे. उत्तर जर्मनीत वोल्फेनब्युटेलला व्हेनिसचे लिब्रेटो दिसले की आश्चर्य वाटतं. पण ब्राउन्श्वाइग-ल्युनेबुर्ग घराण्यातले ड्यूक कार्निव्हलला व्हेनिसमध्ये तळ ठोकून असायचे आणि कवी त्यांना पुस्तिका अर्पण करायचे, हे कळलं की कोडं सुटतं.

माझा आवडता मात्र रोस्टोकचा आल्बर्ट शात्झ. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या गावात तो संगीताच्या वह्या-पुस्तकांचं दुकान चालवायचा. सरदार नव्हे, प्राध्यापक नव्हे. ऑपेरांचा कालक्रम लावायचा, कुठला खेळ कुठे, कधी, कोणाच्या संगीतात झाला याची पक्की नोंद करायची, असा त्याचा ध्यास होता. त्यासाठी त्याने बारा हजारांहून अधिक लिब्रेटो जमवले. दुसऱ्याने लिहिलेल्या इतिहासावर विसंबण्यापेक्षा त्या रात्री विकलेली पुस्तिका बघणं बरं, हा दुकानदारी व्यवहारीपणा मला फार भावतो. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह विकत घेतला. तिथल्या संगीत विभागाचा प्रमुख ऑस्कर सोनेक याने १८०० पूर्वीच्या लिब्रेटोंची दोन खंडी सूची १९१४ मध्ये छापली, आणि या क्षेत्रातलं काम कसं करावं याचा वस्तुपाठच घालून दिला. एप्रिल १९४२ मध्ये रोस्टोकवर बॉम्ब पडले, जुनं शहर जळालं. शात्झची पुस्तिकांची कपाटं तेव्हा समुद्रापार सुरक्षित होती.

पोर्तुगालच्या कार्वाल्यायश यांनी तर वीस हजारांहून जास्त गोळा केले. इनेस दे कास्त्रो या पोर्तुगीज इतिहासातल्या, पुढे दंतकथा झालेल्या नायिकेवर इटलीत किती ऑपेरे आणि नृत्यनाट्यं झाली, याचं पुस्तक त्यांनी १९०८ मध्ये काढलं. असा शोध फक्त संग्राहकच घेऊ जाणे. त्यांच्या पुस्तिका आता रोमच्या सांता चेचिलिया संगीतविद्यालयात आहेत. रोमचे डॉक्टर उल्देरिको रोलांदी यांचा तीस हजारांवरचा संग्रह उलट दिशेने, व्हेनिसला, सान जॉर्जो बेटावरच्या ‘चीनी’ (Cini) प्रतिष्ठानात गेला. या सगळ्या पसाऱ्याची मोजदाद केली ती क्लाउदिओ सार्तोरी या ग्रंथपालाने. सुरुवातीपासून १८०० पर्यंतच्या छापील इटालियन लिब्रेटोंची त्याची सूची १९९० ते १९९४ या काळात सात खंडांत निघाली. तिच्यात सुमारे २५ हजार नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीपुढे, कुठल्या ग्रंथालयात प्रत आहे त्यांची संक्षिप्त चिन्हं. जुन्या पुस्तकांचे व्यापारी आपल्या यादीत ‘सार्तोरीत नाही’ असे शब्द छापतात, तेव्हा समजावं की किंमत चढली आहे.

पण सूचीला प्रती सारख्याच दिसतात, आणि गोम तिथेच आहे. हातछपाईच्या काळात एकाच खेळाच्या दोन प्रती सारख्या असतील याची खात्री नाही. एखादा गायक आयत्या वेळी रुसला, त्याला नवं पद हवं झालं, की छापलेल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची किंवा शेवटी जादा पान जोडायचं. एका प्रतीत ते पान आहे, दुसरीत नाही. म्हणजे एक पहिल्या रात्रीची आणि दुसरी दहाव्या रात्रीची असू शकते. कोणा रसिकाने पात्राच्या नावापुढे शाईने गायिकेचं नाव लिहिलेलं असतं, एखाद्या पदाशी पसंतीची खूण केलेली असते. ही माहिती त्या एका प्रतीपुरतीच असते.

त्यात भर संग्राहकांनी घातली, आणि नुकसान व्यापाऱ्यांनी केलं. अठराव्या शतकात मालक आपल्याकडच्या पुस्तिका हंगामानुसार किंवा नाट्यगृहानुसार लावून एकत्र बांधून घ्यायचा. असं बाड म्हणजे एका माणसाने एका कार्निव्हलमध्ये काय काय पाहिलं याची रोजनिशीच. मग बाजारात एकेक पुस्तिका सुटी विकली तर जास्त पैसे येतात हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि बाडं उसवली गेली. उसवलेल्या प्रतीच्या शिवणीपाशी जुन्या दोऱ्याचे अवशेष, सरसाचे खपले, कोपऱ्यात शाईने घातलेला एखादा आकडा राहतो. तो आकडा बाडातला तिचा क्रमांक. हे आकडे, अक्षराचं वळण, कागदातलं जलचिन्ह, कातड्याच्या बांधणीचे उरलेले तुकडे जुळवून वेगवेगळ्या देशांत पांगलेली एका बाडाची भावंडं पुन्हा ओळखता येतात. काम किचकट आहे आणि त्याला पैसे फार कोणी देत नाही.

मालकीच्या शिक्क्यांची गोष्ट तर थेट फौजदारीपर्यंत जाते. नेपल्सचं जिरोलामिनी ग्रंथालय हे चारशे वर्षांपूर्वीच्या साधुसंघाचं, जुन्या संगीताच्या हस्तलिखितांसाठी नावाजलेलं. २०११ मध्ये मारिनो मासिमो दे कारो याला तिथे संचालक नेमलं. २०१२ मध्ये कलेतिहासकार तोमासो मोंतानारी याने बोभाटा केला, तेव्हा उघड झालं की रात्रीबेरात्री हजारो पुस्तकं बाहेर जात होती आणि पुस्तकांवरच्या मालकीच्या खुणा पुसल्या जात होत्या. मे महिन्यात संचालकसाहेब गजाआड गेले; पुढच्या वर्षी सात वर्षांची शिक्षा झाली. याच गृहस्थाने गॅलिलिओच्या १६१० मधल्या पुस्तकाची बनावट प्रतही करवून घेतली होती आणि ती भल्याभल्यांनी अस्सल म्हणून मानली होती. कुलूप ज्याच्या हाती तोच चोर असेल तर ग्रंथालयाच्या यादीचा उपयोग शून्य. अशा वेळी पुस्तक कोणाचं हे सांगते ती खुद्द त्या प्रतीवरची खूण. म्हणून शिक्का खरवडलेला दिसला, शीर्षकपानाचा कोपरा कापून नवा कागद जोडलेला दिसला, की जाणतं गिऱ्हाईक हात आखडता घेतं.

लिब्रेटो हाती असल्याचा फायदा कसा होतो, याचं अलीकडचं उदाहरण संगीतकार विवाल्डीचं. बर्लिनच्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेचं दप्तर दुसऱ्या महायुद्धात शहराबाहेर हलवलं होतं, ते युद्धानंतर बेपत्ता झालं. १९९९ मध्ये ते कीव्हमध्ये सापडलं आणि २००१ मध्ये बर्लिनला परतलं. त्यात एका ऑपेराचं संगीत होतं. सुरुवातीची पानं नाहीत, शेवटची नाहीत, नाव नाही. श्टेफेन फोस या अभ्यासकाने त्यातले शब्द जुन्या लिब्रेटोशी ताडून पाहिले. १४ नोव्हेंबर १७३३ रोजी व्हेनिसच्या सांत आंजेलो नाट्यगृहात झालेल्या ‘मोतेझुमा’शी ते जुळले. तोवर या ऑपेराची केवळ पुस्तिकाच जगाला ठाऊक होती. पुढे संस्थेने या संगीताच्या प्रथम प्रकाशनाचा हक्क सांगितला आणि प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. २००९ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात लागला: १७३३ मध्येच नकलनविसांकडून प्रती मिळण्याची सोय होती, तेव्हा हे काम त्या वेळीच प्रकाशात आलं नव्हतं असं संस्थेला दाखवता आलं नाही.

विवाल्डीचाच ‘आर्जिप्पो’ १७३० मध्ये प्रागला झाला. त्याचीही पुस्तिका उरली, संगीत गेलं. ओंद्रझेय मात्सेक या चेक संगीतकाराला जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या एका संग्रहात त्यातली काही पदं मिळाली आणि २००८ मध्ये हा ऑपेरा, पुष्कळसा पुनर्रचित, प्रागलाच पुन्हा उभा राहिला. हे कथानकही हिंदुस्थानातलं, मोगल बादशहाच्या दरबारातलं. युरोपच्या ऑपेराला हिंदुस्थानचा त्या काळी फार सोस होता. मेतास्तासिओच्या पोरसनाट्याला साठाहून अधिक संगीतकारांनी चाली लावल्या. हँडेलचा ‘पोरो’ १७३१ मध्ये लंडनला झाला. त्यात पोरस मेला असं समजून त्याची प्रिया क्लेओफिदे चितेत उडी घ्यायला निघते आणि पोरस ऐनवेळी हजर होतो. इटलीतला कवी झेलमपासून हजारो कोस लांब बसून सतीची प्रथा रंगमंचावर आणतो. या पोरसनाट्याच्या निरनिराळ्या शहरांतल्या पुस्तिका ओळीने लावून आपल्याकडच्या कोणी अभ्यासकाने हिंदुस्थानचं चित्र कसकसं बदलत गेलं ते पाहिलं, तर एक चांगलं पुस्तक होईल. इतिहास आणि इटालियन, दोन्ही येणारी माणसं मुंबई-पुण्यात आहेत.

लंडनच्या पुस्तिकांमध्ये इटालियन शब्दांसमोर इंग्रजी भाषांतर छापलेलं असायचं, त्यामुळे नवख्याला सुरुवात करायला त्याच बऱ्या. १७११ च्या ‘रिनाल्दो’च्या पुस्तिकेत कवी जाकोमो रोस्सी सांगतो, की हँडेलने हे संगीत दोन आठवड्यांत केलं. हँडेलच्या चरित्रांत हा दाखला वारंवार येतो. संग्राहकांची झुंबड मात्र दुसऱ्याच पुस्तिकेवर उडते: १७९१ मध्ये व्हिएन्नात इग्नात्स आल्बेर्टी या मुद्रकाने छापलेली मोझार्टच्या ‘जादुई बासरी’ची. ती खऱ्या अर्थाने दुर्मीळ आहे आणि तिच्यातली कोरीव चित्रं सुंदर आहेत. तरीही व्हेनिसच्या एखाद्या अनाम खेळाची मेणाने माखलेली, कोणा अज्ञात रसिकाच्या खुणांनी भरलेली पुस्तिका जास्त बोलते. दोन्ही समोर ठेवल्या आणि एकच घेता येणार असेल तर मी दुसरीच घेईन. घेण्याची ऐपत दोन्हींची नाही, तो भाग निराळा.

कोणाला विकत घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. विक्रेता आधीच्या मालकांची साखळी लेखी देतो का, आणि पुस्तिका रसायनाने धुऊन पांढरीशुभ्र केलेली तर नाही ना. धुतलेली प्रत स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नुसतं पाहायचं असेल तर पैसे लागत नाहीत. शात्झचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने पानन् पान चित्रबद्ध करून संगणकावर सर्वांसाठी खुला केला आहे. तो चाळताना शीर्षकपानावर थांबू नका. पुठ्ठ्याची आतली बाजू आणि शेवटची कोरी पानंही उघडून बघा. मालकांच्या सह्या, किमती आणि जुने क्रमांक असतील तर बहुधा तिथेच असतात.